आत्या बसेपर्यंत

अधिवेशनाचा शेवटचा दिवस जवळ आला की आमच्या साहेबांना गुणवंतांची आठवण येते. एरवी वर्षभर कुणी गुणवंत ऑफिसात आलाच, तर त्याला बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवणं ही माझी ड्यूटी. मी साहेबांचा स्वीय सहायक. म्हणजे मी त्यांची भाषणं लिहितो, त्यांचा चष्मा शोधतो आणि ते शेजारीच बसलेले असताना 'साहेब दौऱ्यावर आहेत' असं फोनवर सांगतो.

शेवटच्या दिवशी सभागृहात गौरवतास असतो. ज्या सदस्यांची पाळी असेल त्यांनी आपापल्या मतदारसंघातून एक हुशार विद्यार्थी, एक खेळाडू आणि एक माजी सैनिक शोधून आणायचा आणि वरच्या सज्जात बसवायचा. सदस्य खालून त्यांचं कौतुक वाचतात, नाव घेतलं की पाहुणा उभा राहतो, त्याच्या मानासाठी अख्खं सभागृह उभं राहतं, टाळ्या वाजतात, फोटो निघतात आणि मग सगळे खाली बसून पुढच्या कामाला लागतात. यंदा शेवटची पाळी आमच्या साहेबांची होती.

विद्यार्थिनी लगेच मिळाली. रसायनशास्त्रात मोठं बक्षीस मिळवलेली, चष्मेवाली, फारशी न बोलणारी. खेळाडूही मिळाली, वजन उचलणारी. साहेब म्हणाले, "तिला सांग, येताना वजन घेऊन ये, फोटोत बरं दिसतं." मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही. माजी सैनिकाचं मात्र काही केल्या जमेना. होते नव्हते तेवढे गौरवून झाले होते. गेल्या खेपेला तर खाकी शर्ट आणि झुबकेदार मिशा बघून कार्यकर्त्यांनी एका बस कंडक्टरलाच धरून आणलं होतं. साहेबांनी त्याच्या शौर्याचं इतकं रंगवून वर्णन केलं की शेवटी त्या बिचाऱ्याच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"तुझी ती आत्या आहे ना रे?" साहेबांना एकदम आठवलं. "लंगडी?"

"पाय गेलाय तिचा, साहेब. सुरुंगावर."

"तेच ते. घरात माल असताना गावभर काय हिंडतोयस?"

माल! मी दात ओठ खाल्ले आणि "विचारतो" म्हणालो.

आत्याला आमच्या घरात सगळे 'मेजर' म्हणतात. ती मेजर नव्हती, फौजेत अँब्युलन्स चालवायची. सुरुंग पेरलेल्या रस्त्यावरून जखमी माणसं आणायचं काम. एका फेरीत गाडीखाली सुरुंग फुटला. मागचे जखमी वाचले, आत्याचा डावा पाय गुडघ्याच्या वरून गेला. लग्न तिनं केलं नाही, आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, "मला गिअर बदलू देणारा भेटलाच नाही." मला लहानपणापासून तिनंच जास्त सांभाळलं आणि अजूनही ती मला बाब्याच म्हणते.

मी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कृत्रिम पायाचा पट्टा आवळत होती.

"गौरव? मला नको," ती म्हणाली. "मागे एकदा केला होता कुणीतरी. लाकडी फलक दिलाय. तो बघ, पिठाच्या डब्याला झाकण म्हणून बरा बसतो."

"अगं, काही करायचं नाही तुला. नाव घेतलं की उभं राहायचं. मग सगळे उभे राहतात. तू बसलीस की बसतात."

"मी बसेपर्यंत कुणी बसत नाही?"

"नियमच आहे तसा." आणि मी तिला तो किस्सा सांगितला. मागच्या अधिवेशनात एक म्हातारा सैनिक उभा असतानाच विरोधी बाकावरचा एक सदस्य खाली टेकला. कंबरदुखी असेल बिचाऱ्याला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मग सत्ताधाऱ्यांनी सैनिकांचा अपमान म्हणून जो काही गोंधळ घातला, त्याला तोड नाही. शेवटी सभापतींनी आवाज कापरा करून निर्णय दिला: यापुढे गौरवलेला पाहुणा आसनस्थ होईपर्यंत एकही सदस्य बसणार नाही, दुसरं कुठलंही कामकाज होणार नाही, आणि जो बसेल त्याचं नाव कामकाजाच्या नोंदीत कायमचं लिहिलं जाईल. दोन्ही बाजूंनी बाकं वाजवली होती.

"आणि माझ्यानंतर काय असतं?" आत्यानं विचारलं.

तिच्यानंतर एकच काम होतं, 'आरोग्यसेवा सुसूत्रीकरण विधेयक'. नाव ऐकून कुणालाही वाटेल की लोकांचं भलं होणार आहे. प्रत्यक्षात सुसूत्रीकरण एवढंच होतं की सभागृहाच्या मागच्या रस्त्यावरचा माजी सैनिकांचा दवाखाना बंद करायचा आणि त्या जागेवर सदस्यांसाठी विश्रामगृह बांधायचं.

आत्याचा पाय त्याच दवाखान्यातला. दवाखान्याच्या मागे एक वर्कशॉप आहे आणि तिथं एक कारागीर आहे. त्याला सगळे पायवाला म्हणतात. उरलेली मांडी कधी सुजते, कधी बारीक होते. मग मांडी जिच्यात बसते ती पायाची वाटी घासते, कातडी सोलवटते. आत्या सकाळी जाते, पायवाला शिव्या घालत घालत वाटी खरवडतो, अस्तर बदलतो आणि दुपारी ती चालत घरी येते. नव्या व्यवस्थेत गावाबाहेरच्या मोठ्या इस्पितळात नाव नोंदवायचं, पाय काढून त्यांच्याकडे द्यायचा, तो पार्सलनं कुठल्याशा कंपनीकडे जाणार आणि येईल तेव्हा येणार. तोवर आत्यानं घरात बसायचं. जी बाई भाजीलासुद्धा कुणाला पाठवत नाही, ती.

मी सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. तुझ्या लगेच नंतर. शेवटचा दिवस आहे, संध्याकाळची घंटा व्हायच्या आत मंजूर झालं नाही तर बारगळतं. पण होईल गं. बहुमत आहे. आमचे साहेबही हात वर करणार."

आत्यानं पट्टा आणखी एक भोक आवळला. "येते मी," ती म्हणाली. "निळी साडी नेसू की करडी?"

त्या दिवशी ती निळी साडी नेसून, छातीवर पदकं लावून आली. मी सज्जात तिच्या मागच्याच खुर्चीवर होतो. एका बाजूला रसायनशास्त्र, दुसऱ्या बाजूला वजनवाली. खाली सभागृह अगदी भरलेलं होतं, कारण त्यानंतर मतदान होतं आणि मतदानानंतर रात्रीचं जेवण होतं. आरोग्यमंत्री विधेयकाचे कागद छातीशी धरून तयारच होते.

रसायनशास्त्राचं कौतुक झालं. साहेबांनी तिच्या शोधाचं नाव तीन तऱ्हांनी उच्चारलं आणि तिन्ही चुकल्या. ती उठली, बसली. वजनवाली उठली, बसली. मग साहेबांनी आत्याचं भाषण काढलं. मी ते साधं लिहिलं होतं: रस्ता, गाडी, जखमी माणसं. साहेबांनी कागद बाजूला ठेवला.

"सभापती महाराज!" साहेब गरजले. "या वीरांगनेचा पाय गेला, पण ती आजही ताठ उभी आहे! आणि जोवर ती उभी आहे, तोवर हे सभागृह बसू शकत नाही, महाराज, बसू शकत नाही!"

आत्या उठली. दीडशे खुर्च्या सरकल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. कॅमेरे वर वळले, खाली वळले. टाळ्या ओसरल्या आणि सगळ्यांनी मागे हात नेऊन खुर्ची चाचपली.

आत्या उभीच.

सभापती हसले. पुन्हा टाळ्या. आत्या उभीच. कुणाला वाटलं म्हातारीला भरून आलंय. तिसऱ्यांदा टाळ्या झाल्या, जरा विरळ. सभापती म्हणाले, "माननीय पाहुण्यांनी आता आसनस्थ व्हावं, ही विनंती." आत्यानं त्यांना कडक सॅल्यूट ठोकला. आता सॅल्यूट ठोकल्यावर टाळ्या न वाजवून कसं चालेल? चौथ्यांदा वाजल्या.

खालून साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे वटारले, मग तळहातानं हवा खाली दाबत राहिले. बसव, बसव तिला.

मी पुढं वाकलो. "आत्या, काय चाललंय? बस ना गं."

"नाही."

"माझी नोकरी जाईल."

"दुसरी मिळेल. मला पाय मिळेल का?"

मी परत मागे टेकलो.

एव्हाना सज्जातला मार्शल आला. कुजबुजत म्हणाला, "बाईसाहेब, काही अडचण?" आत्या तितकंच हळू म्हणाली, "गुडघा अडकलाय. कुलूप लागून बसलंय. पायवाल्याला बोलवावं लागेल." तिच्या गुडघ्याला बसताना सोडायची एक कळ आहे, हे खरं. पण ती अडकली की नाही ते मला मागून स्पष्ट दिसत होतं. तिनं कळीला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मार्शल धावत खाली गेला, सभापतींच्या कानाशी लागला. सभापतींचा चेहरा उजळला. अडचण यंत्राची होती, यंत्र दुरुस्त होतं. त्यांनी स्वतःची दिव्याची गाडी पाठवली. म्हणजे पाहा, ज्या माणसाचं वर्कशॉप बंद करायला हे सगळे जमले होते, त्याला आणायला सभापतींची गाडी सायरन वाजवत निघाली, कारण तो आल्याशिवाय त्याचं वर्कशॉप बंद करता येईना.

तोवर खाली हाल सुरू झाले होते. आमच्या लोकप्रतिनिधींना उभं राहायची सवय नाही. निवडणुकीला ते उभे राहतात म्हणतात, पण तेव्हाही बहुतेक वेळ गाडीत बसलेले असतात. एक ढेरपोटे सदस्य टेबलावर टेकले, तोच विरोधकांतल्या एकानं कॅमेऱ्याला बोट दाखवलं आणि ढेरपोटे दचकून ताठ झाले. दोघांनी बूट काढले. आरोग्यमंत्री या पायावरून त्या पायावर होत होते. प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्यानं आधी बसावं, म्हणजे त्याच्यावर तुटून पडता येईल.

पायवाला आला, मळका अ‍ॅप्रन, केसांत प्लॅस्टरची भुकटी. माणूस भलताच तिरसट, आणि खोटं बोलणं त्याला जमतच नाही. तो आत्याजवळ गुडघ्यांवर बसला.

"काय झालंय?"

"अडकलाय."

"कुठं अडकलाय? परवाच तेल घातलंय मी." त्यानं गुडघ्यावर टिचकी मारली, कळ दाबून पाहिली, परत लावली.

खालून सभापतींना राहवेना. "दुरुस्तीला किती वेळ लागेल?"

"दुरुस्ती कसली?" पायवाला उठून कठड्याशी गेला आणि त्याच्या नेहमीच्या वर्कशॉपातल्या आवाजात म्हणाला, "पाय ठणठणीत आहे. माझ्या हातचा आहे. बाईंना बसायचं नाहीये."

मला वाटलं, संपलं. आता आत्याला बाहेर काढणार आणि मला तिच्यामागून. पण झालं भलतंच. विरोधी पक्षनेत्याला वारं कुठं वाहतंय ते बरोबर कळतं. तो कॅमेऱ्याकडे वळून ओरडला, "वीरांगनेची इच्छा नसेल, तर आमचा पक्ष बसणार नाही! रात्रभर उभे राहू!"

सत्ताधारी मागे कसे राहतील? "आम्ही आधीपासून उभे आहोत!" असा एकच गलका उठला. "तुमचे पाय वाकलेत! आमचे बघा!"

सभापती सचिवांशी कुजबुजू लागले. बाईंना काय हवंय ते विचारावं, तर सज्जातल्या पाहुण्याला बोलायची परवानगी नाही. परवानगी द्यावी, तर ठराव आणावा लागतो. ठराव आणावा, तर सभागृह बसलेलं पाहिजे. बरं, आपला जुना निर्णयच फिरवावा, तर सभापतींनी निर्णय आसनावर बसूनच द्यायचा असतो, आणि बसणार कोण? घंटेची वेळ वाढवायलाही ठरावच लागतो. सचिव नियमांचं पुस्तक उभ्या उभ्या चाळत होते आणि त्यातलं प्रत्येक कलम सभापतींच्याच नाकाशी येऊन थांबत होतं.

मला हसू यायला हवं होतं. आलंही. पण मग माझं लक्ष आत्याच्या मानेकडे गेलं. मान घामानं थबथबली होती. इतका वेळ एका जागी उभं राहायची तिला मुभा नाही, मांडी सुजते आणि वाटी आत रुतते. तिचा उजवा हात कठड्यावर पांढरा पडला होता.

"दुखतंय?" मी विचारलं.

"गप्प बस."

तेवढ्यात वजनवाली उठली. कुणी सांगितलं नाही, काही नाही. आत्याच्या डाव्या कोपराखाली तिनं हात दिला.

"उचलू नकोस हं," आत्या म्हणाली.

"नाही मावशी. नुसता आधार."

मग रसायनशास्त्रही उठलं आणि दुसऱ्या बाजूनं उभं राहिलं. मला रडू आलं, सरळ सांगतो. भाषणात मी 'अभिमान' हा शब्द शेकड्यानं वापरला असेल, पण तो कधी खरोखर वापरावा लागेल असं वाटलं नव्हतं. मीही उभा राहिलो. साहेबांनी खालून पाहिलं आणि हवा दाबणं सोडून दिलं.

असे आम्ही सगळेच उभे. पायवाला मागच्या भिंतीला टेकून पुटपुटत होता, "सोलवटून घेणार मांडी, आणि मग येणार माझ्याकडे." आणि घंटा झाली.

घंटा झाली की अधिवेशन आपोआप संपतं. सभापती आसनावर अक्षरशः कोसळले आणि त्यांच्यामागून अख्खं सभागृह कोसळलं. आरोग्यमंत्र्यांच्या हातातले कागद घसरून खाली पसरले, ते उचलायला वाकायचं त्राण कुणात उरलं नव्हतं.

आत्यानं कळ दाबली, खट्ट आवाज झाला आणि ती खाली बसली. वजनवालीनं तिला पाणी दिलं.

बाहेरच्या व्हरांड्यात आरोग्यमंत्री लंगडत आमच्यासमोर आले. मागे आमचे साहेब, तेही लंगडत.

"बाई, हा सभागृहाचा अपमान आहे," मंत्री म्हणाले.

"माझ्याकडून?" आत्या म्हणाली. "तुम्ही बोलावलंत म्हणून आले. उभं राहा म्हणालात म्हणून उभी राहिले."

"विधेयक पुढच्या अधिवेशनात येणारच आहे. तेव्हा बघू."

"आणा की. तेव्हाही तुम्हाला एक सैनिक लागेलच गौरवायला. आमच्या दवाखान्यात पुष्कळ आहेत, सगळ्यांना सांगून ठेवते." ती वजनवालीचा हात धरून दोन पावलं पुढं गेली आणि थांबली. "एकाचे दोन्ही पाय गेलेत. तो खुर्चीतून उठत नाही. त्याला कसं उभं करायचं आणि कसं बसवायचं, ते तेवढं नियमात बघून ठेवा."

मंत्री लंगडत आपल्या गाडीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी साहेब मला काढून टाकणार होते. ऑफिसात पोचलो तर ते पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून पेपर वाचत होते. पहिल्या पानावर फोटो होता, 'सैनिकाच्या सन्मानासाठी सभागृह ताटकळलं', आणि फोटोच्या मधोमध साहेब. "याचं मोठं पोस्टर करून घे," ते म्हणाले. "खाली लिही, आम्ही उभे राहिलो." आठवडाभरात प्रत्येक सदस्याचं तसलं पोस्टर चौकाचौकात लागलं. सैनिकांसाठी उभे राहिलेले इतके लोक एकाच गावात मी कधी पाहिले नव्हते. आता यातल्या कुणी सैनिकांचाच दवाखाना बंद करायला हात वर करायचा म्हटला, तर त्याला आधी स्वतःचं पोस्टर उतरवावं लागलं असतं.

पुढचं अधिवेशन आलं आणि गेलं, त्यानंतरचंही. विधेयक काही परत आलं नाही. गौरवतास मात्र होतो. विद्यार्थी येतात, खेळाडू येतात, उठतात, बसतात. माजी सैनिकांचा गौरव 'वेळेअभावी' वगळावा, असा ठराव एकमतानं झाला. त्या ठरावावर एकही भाषण झालं नाही. आमच्या सभागृहात असं पहिल्यांदाच घडलं असावं.

ही बातमी सांगायला मी दवाखान्यात गेलो. आत्या वर्कशॉपच्या बाकावर पाय काढून बसली होती. मांडीवरची जखम कधीच भरली होती, पण पायवाल्याचा राग अजून गेला नव्हता. तो तिच्याकडे न बघता वाटीचं अस्तर कापत होता.

"आत्या, बंद झालं," मी म्हणालो.

पायवाल्याचा हात थांबला. "काय बंद झालं?"

"सैनिकांचा गौरव."

"आणि दवाखाना?"

"चालू आहे."

"मग मांडी इकडे करा," तो आत्याला म्हणाला, "आणि हलू नका."